शिकवणीचा आठवडा

त्रिशलाबाई मगदूम यांना आवाज चढवायची वेळ आयुष्यात फारशी आली नव्हती. त्यांचं सगळं काम नजरेवर भागायचं. सांगलीत मुलींच्या शाळेत त्या भूगोल शिकवत, तेव्हा शेवटच्या बाकावरची कुजबुज त्या फळ्याकडून नुसतं वळून बघून बंद पाडत. घरी आल्या की तीच नजर नवऱ्यावर चाले. नवरा म्हणजे भूपालअण्णा, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. खात्यात त्यांच्या एका हाकेवर माणसं पळत, पण बायकोनं एकदा पाहिलं की त्यांच्या हातातला लाडू गुपचूप डब्यात परत जाई. बोलून राग दाखवणं त्रिशलाबाईंना कमीपणाचं वाटे. ज्याला बघून कळत नाही त्याला सांगून काय कळणार, असं त्यांचं मत होतं.

म्हणून भाचीच्या साखरपुड्यात जे घडलं ते त्यांच्या पचनी पडेना. पंगतीत अण्णा समोरच्या रांगेत बसले होते. दोन जिलब्या झाल्या होत्या. तिसरीला हात गेला तेव्हा त्रिशलाबाईंनी पाहिलं. नेहमीसारखंच पाहिलं, उलट चार माणसांत म्हणून जरा जास्तच. अण्णांनी मान वर केली, सरळ त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि गोड हसले. मग वाढप्याला थांबवून त्यांनी सांगितलं, की घरची परवानगी मिळालीय, अजून दोन येऊ द्या.

परत येताना रिक्षात त्रिशलाबाई एक शब्द बोलल्या नाहीत. सांगलीतल्या रिक्षा आता आपल्या आपणच चालत, त्यामुळे नवऱ्यावरचा राग रिक्षावाल्यावर काढायचीही सोय उरली नव्हती. अण्णा मात्र मजेत होते. विश्रामबागेच्या वळणावर त्यांनी बायकोचा हात थोपटला.

"आज भारी खुशीत होतीस बघ," ते म्हणाले. "अशीच राहत जा की."

माणूस निर्ढावला असता तर त्रिशलाबाईंनी निभावून नेलं असतं. निर्ढावलेल्यांना सरळ करण्यात त्यांच्या नोकरीची सगळी वर्षं गेली होती. पण हा माणूस मनापासून, अगदी खरं तेच बोलत होता, आणि त्यामुळे त्यांना काय करावं ते सुचेना.

अण्णांना मधुमेह जडून बरीच वर्षं झाली होती. घराणं जैन, कांद्याचं वावडं नसलं तरी सूर्य मावळल्यावर अण्णा पाण्याचा घोटही घेत नसत. पण सूर्य वर असेपर्यंत त्याची पुरेपूर भरपाई करत. आणि साखरेचं असं असतं, की ती वाढली तरी दुखत नाही, खुपत नाही, काम मात्र चालू असतं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. रक्तात वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की त्यांच्या भिंती कच्च्या होतात, त्यांतून पाझर सुरू होतो आणि पडदा सुजतो. ही सूज पडद्याच्या मधोमध आली, तर आपण ज्याच्याकडे सरळ बघतो नेमकं तेवढंच पुसलं जातं. कडेचं सगळं शाबूत राहतं. डोळ्यांच्या डॉक्टर रेवती आवटी यांनी हे समजावलं तेव्हा अण्णांना ते लगेच पटलं, कारण गळक्या वाहिन्यांमागे धावण्यातच त्यांचा जन्म गेला होता. डोळ्यात इंजेक्शन दिलं की गळती थांबते, हेही पटलं. तीन इंजेक्शनं झाली, सूज उतरली, आणि मग डॉक्टरांनी पट्टीचा विषय काढला.

ही पट्टी तेव्हा नुकतीच आलेली. डोक्याच्या मागच्या बाजूला, केसांखाली चिकटवायची, टोपी घातली की दिसतही नाही. तिच्यामागचं शास्त्र तसं सोपं होतं. प्रत्येकाच्या डोळ्यात जन्मापासून एक आंधळी जागा असते. जिथून नस बाहेर पडते तिथं पडद्याला काही दिसतच नाही. तरी आपल्याला समोर भोक दिसत नाही, कारण मेंदू आजूबाजूचा अंदाज घेऊन ती जागा परस्पर रंगवून टाकतो. मेंदूच्या या जुन्या खोडीलाच पट्टीनं हाताशी धरलं होतं. तिला कॅमेरा नव्हता, बाहेरचं जग तिला दिसत नसे. डोळा बरा असताना मेंदूत कुठं काय उमटतं ते ती आठवडाभरात शिकून घ्यायची. पुढं पडद्याचा एखादा तुकडा मुका झाला की तिथं काय असायला हवं याचा अंदाज बांधायची आणि मंद चुंबकी ठोके देऊन तेच उमटवायची. दोन इंजेक्शनांच्या मधल्या काळात माणूस अडखळू नये, एवढ्यापुरतीच ती होती.

"ही कुबडी आहे काका, पाय नव्हे. इंजेक्शनं चालूच ठेवायची," डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि शिकवणीच्या आठवड्यात घर रोजच्यासारखं ठेवा, रोजच्यासारखं वागा, हेही सांगितलं होतं.

सगळा घोळ इथंच झाला. रोजच्यासारखं ठेवा म्हणे. आठवडाभर एक यंत्र आपलं घर बघणार, जन्मभर लक्षात ठेवणार, आणि त्याला काय खुर्चीवर वाळत टाकलेले टॉवेल दाखवायचे? त्रिशलाबाईंनी आदल्या दिवशीच घर आवरायला काढलं. सोफ्याला भरतकामाचे अभ्रे चढले. रद्दीचा ढीग, औषधांच्या पिशव्या, कांद्याची टोपली, मोडका पंखा, सगळं आतल्या खोलीत कोंबून तिला कडी घातली. दाराला नवं तोरण लागलं. त्या स्वतः रोज इरकल नेसून, गजरा माळून खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. एरवी दिवसभरात पाठ न टेकणारी ही बाई आठवडाभर मांडीवर हात ठेवून, फोटोला बसावं तशी हसत बसली. अण्णांनीही इस्त्रीचे सदरे काढले. कुणी कुणाला टाकून बोललं नाही. पाहुणा येणार म्हटलं की आपल्याकडं खरं घर आतल्या खोलीत जातं, आणि हा तर मुक्कामाचा पाहुणा होता.

आठवडा संपला तसं सामान बाहेर आलं, इरकली कपाटात गेल्या, आणि मगदुमांचं घर मूळ पदावर आलं. पट्टी मात्र जे शिकायचं ते शिकून बसली होती.

हे सगळं त्रिशलाबाईंच्या लक्षात आलं ते साखरपुड्यानंतर, पेपरमुळं. अण्णा रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचत. गेले काही दिवस बातम्या त्याच त्या येत होत्या. तांत्रिक कारणामुळं उद्या शहराचा पाणीपुरवठा बंद. पुलाचं काम दिवाळीपूर्वी पूर्ण होईल, असा पालकमंत्र्यांना विश्वास. त्रिशलाबाई बिचाऱ्या पिंप, बादल्या, पातेली भरून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी नळाला धो धो पाणी येई. खात्याचा कारभारच तसा, म्हणून त्या गप्प बसल्या होत्या. त्या दिवशी चहा ठेवता ठेवता त्यांनी सहज अण्णांच्या खांद्यावरून पेपरात डोकावलं. पहिल्या पानावर अर्ध्या पानाचा फोटो होता. कृष्णेतल्या मगरीनं हरिपूरच्या घाटाजवळ अंडी घातली होती आणि गाव बघायला लोटला होता. अण्णा त्या मगरीच्या पाठीवर बोट ठेवून पालकमंत्र्यांचा विश्वास वाचत होते.

"हा फोटो कशाचा आहे?" त्रिशलाबाईंनी विचारलं.

"पालकमंत्र्यांचा," अण्णा म्हणाले. "जरा सुटलेत."

पेपरातल्या बातम्या इतक्या ठरीव झाल्या होत्या, की एवढे दिवस पट्टीच्या अंदाजाची शंकाही आली नव्हती. त्रिशलाबाईंनी हातातला कप खाली ठेवला. मग त्यांना एकेक आठवत गेलं. कांद्याच्या टोपलीला रोज ठेच लागते आणि रोज हा माणूस म्हणतो, ही आत्ता इथं कुणी ठेवली. भाजीत झुरळ पडलं होतं ते याला दिसलं नाही. आणि जिलबीच्या वेळी आपण डोळे वटारले तेव्हा याला कोण हसताना दिसलं, तेही त्यांना उमगलं.

त्याच दुपारी त्या एकट्याच दवाखान्यात गेल्या. डॉ. आवटींनी त्यांना पाहिल्या पाहिल्या विचारलं, की काका कुठायत. पट्टी लावल्यापासून ते एकदाही आले नव्हते. त्रिशलाबाईंना हे खरं वाटेना. दर वेळी अण्णा टोपी घालून, जातो गं डोळ्याच्या दवाखान्यात, म्हणून बाहेर पडत आणि संध्याकाळी, झालं एकदाचं, म्हणत परत येत. दवाखान्यानं फोन केले होते, तेव्हा अण्णांनी येतो येतो म्हणून ठेवून दिले. मोबाइलवर चार वेळा धोक्याचा निरोप पाठवला होता. वीजबिल भरल्याबद्दल धन्यवाद, असला निरोप अण्णा मधूनमधून वाचून दाखवत आणि महामंडळ सुधारलं म्हणत, तो हाच.

पट्टी आपला हिशेब दवाखान्याला कळवत असे. डॉक्टरांनी संगणकाच्या पडद्यावर एक गोल दाखवला. मधला जवळपास सगळा भाग करडा होता. तेवढं आता डोळा बघत नव्हता, पट्टी भरत होती.

"काकू, शिकवणीच्या आठवड्यात घर रोजच्यासारखं होतं ना?"

त्रिशलाबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"आणि तुम्ही? हसत होतात का?"

"यंत्रापुढं तोंड वाकडं करून बसू का मग?" त्रिशलाबाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. त्यांच्याकडं हे पहिलंच घर नव्हतं म्हणे. अर्ध्या सांगलीच्या पट्ट्यांत दिवाळीच चालू होती.

मग डॉक्टर गंभीर झाल्या. सूज अशीच राहिली तर थोड्याच आठवड्यांत तिथं व्रण धरेल आणि मग कुठल्याही इंजेक्शननं काही व्हायचं नाही. पट्टीला खरं घर नव्यानं शिकवायचं म्हटलं तरी डोळ्याला आधी दिसायला हवं, कारण ती शिकते ती डोळ्यापासूनच. म्हणजे इंजेक्शन आधी, बाकी सगळं नंतर. तुम्ही इथूनच पट्टी बंद करून टाका, त्रिशलाबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. माणसाच्या डोक्यात काय उमटावं हे त्याच्या परवानगीशिवाय बदलता येत नाही, तसा कायदा आहे, आणि कायदा योग्यच आहे, असं त्या म्हणाल्या. कायदा योग्य असला की माणसाची अडचण दुप्पट होते, हा अनुभव त्रिशलाबाईंना नवा नव्हता. पुढच्या सोमवारची वेळ घेऊन त्या घरी आल्या.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते त्यांचं त्यांना माहीत. अण्णांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. गळती असती तर दाब कमी झाला असता, मला फुल्ल दाबानं दिसतंय, हा त्यांचा पहिला मुद्दा. डॉक्टरांनी दिलेला बारीक चौकटींचा कागद समोर धरला तर त्यांनी एकही रेघ वाकडी नसल्याचं सांगितलं. त्यांना तसंच दिसत होतं, कारण तोच कागद शिकवणीच्या आठवड्यात त्यांनी रोज बघितला होता. पट्टी काढून बघा म्हटलं तर त्यांना हसू आलं. पट्टी काढल्यावर दिसणार नाही म्हणून तर पट्टी घेतली; चष्मा काढून पोथी वाच असं मी तुला कधी म्हटलंय का? चुकीचा युक्तिवाद बिनतोड निघावा, याइतका वैताग दुसरा नाही. आणि एवढे दिवस दवाखान्यात जातो म्हणून कुठं जात होता, असं विचारलं की अण्णा टोपी झटकत, जाऊन येत होतो की, म्हणत आणि विषय बदलत.

सगळ्यावर कडी म्हणजे, त्या चिडून बोलल्या की अण्णा त्यांच्या तोंडाकडं कौतुकानं बघत. शब्द कडू आणि चेहरा गोड, तेव्हा ही थट्टाच असणार, असा त्यांनी अर्थ लावला होता. हसत हसत भांडायला कधी शिकलीस, असं त्यांनी एकदा विचारलंसुद्धा. बंगळूरच्या मुलाला, अभिनंदनला, फोन लावला तर तो बापाशी दोन मिनिटं बोलला आणि म्हणाला, बाबा तर मला एकदम फ्रेश वाटतात, तू टेन्शन घेऊ नको. त्रिशलाबाईंनी फोनच्या पडद्यातून त्याच्याकडं बघितलं, त्यांच्या त्या खास पद्धतीनं. आई, तुझं नेटवर्क अडकलंय वाटतं, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

सोमवार उजाडला. त्रिशलाबाई साडी बदलून बाहेर आल्या तर अण्णा आरामात पाय पसरून बसलेले. दवाखान्याची वेळ त्यांनी कालच फोन करून रद्द केली होती.

"कुणाला विचारून?"

"तुलाच की. दवाखान्यात नको ना जायला म्हणालो, तर तू हसलीस," अण्णा म्हणाले.

त्रिशलाबाई आत गेल्या, पिशवीत दोन साड्या आणि जपाची माळ कोंबली आणि पिशवी घेऊन अण्णांच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी असं कधी केलं नव्हतं. आयुष्यभराची सगळी कमाई पणाला लावून त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. त्या नजरेनं एखादं मूल रडलं असतं. अण्णांनी प्रसन्नपणे मान डोलावली आणि पेपर उचलला.

त्या जिना उतरून गेल्या आणि रिक्षाला मिरजेच्या बहिणीचा पत्ता सांगितला. वाटेत त्यांचं मन नुसतं धुमसत होतं. जाऊ दे, ठेचकाळू दे, भांडी आपटतील तेव्हा कळेल. रिक्षा निम्म्या वाटेवर आली आणि त्यांना इन्सुलिन आठवलं. जेवणाआधीच्या इन्सुलिनच्या पेनावरचा आकडा त्या स्वतः फिरवून पेन अण्णांच्या हातात देत. आज ते स्वतः फिरवणार. आकडा काय दिसणार? जो असायला हवा तो. मग पेन कितीवर का असेना. बाहेर पडल्यावर तरी हा माणूस सुखानं रागावू देईल की नाही, असं स्वतःशी पुटपुटत त्यांनी रिक्षाला मागं वळायला सांगितलं. रिक्षानं कारण विचारलं तेव्हा त्या तिच्यावर खेकसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या कुणावर तरी मोठ्यानं खेकसल्या होत्या, आणि त्यांना जरा बरं वाटलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून अण्णांचा आवाज येत होता. कुणी आलं असेल म्हणून त्रिशलाबाई दारातच थांबल्या. आत कुणी नव्हतं. अण्णा सोफ्यावर बसले होते, खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडं तोंड करून, आणि त्या खुर्चीशी बोलत होते.

आधी त्रिशलाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. लग्नानंतर पहिल्यांदा घर सोडून गेले, आणि या माणसाला मी गेल्याचा पत्ता नाही. मग अण्णा काय बोलतायत ते त्यांच्या कानावर पडू लागलं.

"दवाखान्याच्या फाटकापर्यंत जायचो गं दर वेळी," अण्णा सांगत होते. "आत पाऊल पडायचं नाही. मग समोरच्या बाकावर बसायचो आणि परत यायचो. तिसऱ्या इंजेक्शनला काय झालं ते सांगितलंच नाही तुला. सुई आत गेली आणि सगळं काळं झालं. क्षणभरच, पण काहीच नाही, उजेडसुद्धा नाही. मी आई म्हणून ओरडलो. त्या पोरीनं, डॉक्टरनं, हात धरला माझा. एवढ्या मोठ्या धरणाच्या भिंतीवर उभा राहिलेला माणूस मी, लाज वाटली."

खुर्ची अर्थातच काही बोलली नाही.

"तुला सांगणार होतो. पण तू बघतेस ना तसं. तुझ्यासमोर खोटं बोलता येतं गं, घाबरता येत नाही. हल्ली बरी हसतेस, म्हणून सांगून टाकलं."

त्रिशलाबाईंना त्या खुर्चीतल्या बाईचा मत्सर वाटला. खरंच वाटला. गजरा माळून, हातावर हात ठेवून बसलेल्या त्या आयत्या बाईला नवऱ्यानं जे सांगितलं, ते एवढा जन्म सोबत काढून त्यांना सांगितलं नव्हतं. आणि त्याच वेळी आपल्याच नजरेचं त्यांना ओझं वाटलं, ज्या नजरेचा त्यांना एवढा अभिमान होता.

"मी इथं आहे," त्या म्हणाल्या.

अण्णा खुर्चीकडं बघतच हसले. "आहेस की. बघतोय ना."

"तिथं नाही. दारात आहे. मी घर सोडून गेले होते, आत्ता परत आलेय."

अण्णांचं हसू तसंच राहिलं, पण मान सावकाश आवाजाच्या दिशेनं वळली. दारावर नजर गेली तेव्हा त्यांना बंद दार दिसलं, वर तोरण असलेलं, शिकवणीच्या आठवड्यात होतं तसंच. आणि मान वळल्यामुळं खुर्ची आता डोळ्याच्या कडेला गेली होती. कडेचा पडदा अजून चांगला होता. तिथं पट्टीचं काही चालत नव्हतं. तिथं रिकामी खुर्ची होती, पाठीवर टॉवेल वाळत टाकलेला.

त्यांनी पुन्हा खुर्चीकडं सरळ पाहिलं. त्रिशला बसलेली होती. दाराकडं पाहिलं, खुर्ची रिकामी झाली. असं त्यांनी दोन-तीनदा करून बघितलं, वाहिनीतली गळती शोधताना करायचे तसं, घाई न करता. मग ते उठले, हात पुढं करून खुर्चीपर्यंत गेले आणि बायकोच्या हसऱ्या तोंडात हात घातला. हाताला ओला टॉवेल लागला. अण्णा मटकन त्याच खुर्चीत बसले.

"मला दिसत नाही, त्रिशला," ते म्हणाले. "मला काहीच दिसत नाहीये."

त्रिशलाबाईंनी पिशवी टाकली आणि जाऊन त्यांचं डोकं पोटाशी धरलं. अण्णांनी खालमानेनंच विचारलं, की आत्ता तू रागावलीयस का. त्रिशलाबाईंनी सवयीनं नुसतंच पाहिलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की त्याचा काही उपयोग नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "खूप रागावलेय. आणि मलाही भीती वाटतेय."

हे दुसरं वाक्य त्यांच्या तोंडून कसं निघालं ते त्यांनाच कळलं नाही.

दवाखान्यानं त्याच दिवशी संध्याकाळी बोलावून घेतलं. अण्णांनी परवानगीचा अंगठा दिला आणि पट्टी निघाली. मेंदूनं उरल्यासुरल्या सवयीनं थोडा वेळ चित्र धरून ठेवलं, मग तेही विरलं. अण्णांना समोर नुसता करडा ढग दिसू लागला, कडेनं तेवढं जग. तपासणी झाली. डाव्या डोळ्यात मधोमध व्रण धरलाच होता, तिथली नजर आता परत येणार नव्हती. उजव्यात नुसती सूज होती. इंजेक्शनं वेळच्या वेळी घेतली तर तो वाचेल, डॉक्टर म्हणाल्या. एक आठवडा जरी उशिरा आला असतात, तर मी हे म्हणू शकले नसते.

इंजेक्शनच्या खोलीच्या दाराशी नर्सनं त्रिशलाबाईंना थांबवलं. आत फक्त पेशंट, असा नियम होता. अण्णांनी त्यांचा हात सोडला नाही.

"तिला आत येऊ द्या," ते डॉक्टरांना म्हणाले. "तिचा चेहरा काही मला दिसत नाही. ती बोलत राहिली तर मी पडून राहीन."

डॉक्टरांनी मान हलवून होकार दिला. अण्णांना टेबलावर निजवलं, डोळ्यात भुलीचे थेंब घातले, पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून चिमटा लावला. अण्णांची बोटं आवळली गेली. त्रिशलाबाई उशाशी उभ्या राहिल्या आणि काय बोलावं ते त्यांना सुचेना. मुलींच्या आख्ख्या पिढ्यांना त्यांनी नद्या आणि डोंगर शिकवले होते, पण या माणसाशी मनातलं बोलायचं तर सुरुवात कुठून करायची?

"काय बोलू?" त्यांनी हळूच विचारलं.

"काहीही. खरं असलं म्हणजे झालं."

मग त्रिशलाबाईंनी सुरुवात केली ती जिलबीपासून. तिथून त्या मागं गेल्या, दवाखान्याच्या खोट्या फेऱ्यांवर, मग त्याच्याही मागं, अभिनंदनच्या बारशाला अण्णा साइटवरून आलेच नाहीत त्यावर, मग मिरजेच्या बहिणीच्या लग्नात सगळ्यांदेखत त्यांनी भाषण ठोकलं होतं त्यावर, आणि लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूबाईंसमोर त्या एकट्या पडल्या असता हे पेपर वाचत बसले होते त्यावर. आवाज खाली ठेवून, पण एकही गोष्ट न गाळता त्या बोलत होत्या. मधूनच, तुमच्याशिवाय मला करमत नाही, हेही त्याच रागीट सुरात सांगून गेल्या. डॉक्टरांनी सुई उचलली तेव्हा नर्स थक्क होऊन ऐकत होती. अण्णा हालले नाहीत. त्यांच्या मिटता न येणाऱ्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, ते औषधाचं की आणखी कशाचं, हे कुणी विचारलं नाही.

"झालं काका," डॉक्टर म्हणाल्या. "उठा आता."

"थांबा," त्रिशलाबाई म्हणाल्या. "माझं व्हायचंय अजून."

अण्णांनी डॉक्टरांना हातानंच जरा दम धरायला सांगितलं आणि तसेच पडून राहिले.